तान्हुल्याचे चोंदलेले नाक : कोणते साधन, किती आणि केव्हा?

रेल्वेच्या जुन्या वीजघरामुळे एकेकाळी ओळखले जाणारे ठाकुर्ली आज नव्वद फुटी रस्त्यालगतच्या उंच इमारतींचे उपनगर झाले आहे. सकाळच्या लोकलने मुंबईकडे निघणारी तरुण जोडपी, घरात वर्षाच्या आतले मूल आणि दिवसभर त्याला सांभाळणारी आजी किंवा एखाद्या मावशी, हे येथील अनेक घरांचे चित्र आहे. पावसाळा सुरू झाला, किंवा दिवाळीनंतर हवेत गारवा आला, की या घरांतून एकच तक्रार ऐकू येते. बाळाचे नाक चोंदले आहे, ते दूध ओढत नाही आणि रात्रभर झोपत नाही. मग औषधांच्या दुकानात चौकशी होते आणि दुकानदार काउंटरवर तीन प्रकारची साधने मांडतो. एक शे-दीडशे रुपयांचा रबरी फुगा, एक नळी लावलेले, तोंडाने ओढायचे साधन आणि एक हजाराच्या पुढचे, बॅटरीवर चालणारे यंत्र. तिन्हींना 'नेझल अ‍ॅस्पिरेटर' असेच म्हणतात. यांतील नेमके कोणते घ्यावे, आणि मुळात घ्यावे का, या प्रश्नांची उत्तरे शोधण्याचा हा प्रयत्न.

नाक एवढे महत्त्वाचे का?

मोठ्या माणसाचे नाक चोंदले तर तो तोंडाने श्वास घेतो. तान्ह्या बाळाला हे सहज जमत नाही. जन्मानंतरचे पहिले काही महिने मूल प्रामुख्याने नाकानेच श्वास घेते. या वयात त्याची जीभ तोंडाच्या मानाने मोठी असते आणि घशाची रचना अशी असते की दूध ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे या तिन्ही क्रिया एका लयीत चालू राहाव्यात. नाक बंद झाले की ही लय मोडते. बाळ स्तन किंवा बाटली तोंडात घेते, दोन घोट ओढते, गुदमरल्यासारखे होऊन सोडून देते आणि रडू लागते. त्याला भूक असते, परंतु पिता येत नाही.

याला भौतिकशास्त्राचीही जोड आहे. अरुंद नळीतून वाहणाऱ्या हवेला होणारा अडथळा नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणजे त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा सोळा पटींनी वाढतो. मोठ्यांच्या नाकात ज्या सुजेची दखलही घेतली जाणार नाही, तेवढी सूज आणि थोडासा शेंबूड बाळाची नाकपुडी जवळजवळ बंद करू शकतो. यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. नाक साफ करण्याचा हेतू नाक पूर्ण कोरडे करणे हा नाही. बाळाला पोटभर पिता यावे आणि स्वस्थ झोपता यावे, एवढाच तो हेतू आहे. जे बाळ घुरघुर आवाज करीत असले तरी नीट पिते, हसते, खेळते आणि झोपते, त्याच्या नाकाला हात लावण्याची गरज नसते. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत असा घुरघुर आवाज पुष्कळ निरोगी बाळांत ऐकू येतो.

आधी थेंब, मग साधन

तिन्ही साधनांची तुलना करण्यापूर्वी त्यांच्याइतकीच, किंबहुना त्यांच्याहून अधिक महत्त्वाची वस्तू लक्षात घेतली पाहिजे. ती म्हणजे मिठाच्या निर्जंतुक पाण्याचे, अर्थात सलाइनचे थेंब. नाकातील शेंबूड घट्ट असेल किंवा मेकूड धरला असेल, तर महागातले महाग यंत्रही तो ओढू शकत नाही. सलाइनच्या दोन थेंबांनी तो सैल होतो. अनेकदा तेवढ्यानेच बाळाला शिंक येते, शेंबूड बाहेर येतो आणि साधनाची गरजच उरत नाही.

येथे एक सावधगिरी मात्र अत्यावश्यक आहे. दुकानात नाकाच्या थेंबांच्या सारख्या दिसणाऱ्या अनेक छोट्या बाटल्या असतात. त्यांपैकी काहींत ०.६५ किंवा ०.९ टक्के सोडियम क्लोराइड, म्हणजे केवळ मीठ असते. काहींत ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन ही रक्तवाहिन्या आकसवणारी औषधे असतात. ही औषधे बाळाच्या शरीरात शोषली जाऊन गुंगी येणे, श्वास मंदावणे आणि हृदयाचे ठोके मंदावणे असे परिणाम होऊ शकतात. डॉक्टरांनी स्वतः लिहून दिल्याखेरीज ती तान्ह्या मुलाच्या नाकात घालू नयेत. बाटलीवरचे नाव न पाहता घटकद्रव्य वाचावे. घरात मोठ्या माणसांसाठी आणलेली बाटली बाळाच्या सामानात कधीही ठेवू नये. घरच्या घरी मीठ आणि पाणी यांचे मिश्रण करता येत असले तरी त्यात प्रमाण चुकण्याचा आणि जंतू शिरण्याचा संभव असतो. तयार सलाइन स्वस्त असल्याने तेच वापरणे श्रेयस्कर.

रबरी फुगा

हे सर्वांत जुने आणि सर्वांत स्वस्त साधन. फुगा दाबून त्यातील हवा काढायची, टोक नाकपुडीच्या तोंडाशी टेकवायचे आणि दाब हळूहळू सोडायचा. एका हाताने वापरता येते, बॅटरी लागत नाही आणि आवाज होत नाही. पातळ, वाहत्या शेंबडासाठी ते पुरेसे असते.

याचा मोठा दोष स्वच्छतेचा. एकसंध रबरी फुगा आतून दिसत नाही आणि पुसताही येत नाही. आत ओल राहते आणि बुरशी धरते. म्हणून घ्यायचाच असेल तर मधोमध उघडता येणारा, पारदर्शक सिलिकोनचा फुगा निवडावा. दुसरी गोष्ट टोकाची. कान धुण्याच्या फुग्याचे टोक लांब आणि निमुळते असते, ते बाळाच्या नाकासाठी नव्हे. नाकाच्या फुग्याचे टोक मऊ आणि पुढे रुंद होत गेलेले असावे, म्हणजे ते खोल जाणारच नाही. तिसरी बाब सवयीची. फुगा नाकात घालून मग दाबला, तर हवेच्या झोताने शेंबूड उलट आत ढकलला जातो. नवखे पालक हीच चूक बहुधा करतात.

तोंडाने ओढायचे साधन

जुन्या पिढीतील अनेक आया बाळाचे नाक स्वतःच्या तोंडाने ओढून काढीत. त्याच युक्तीचे हे आधुनिक रूप म्हणता येईल. स्वीडनमधील 'नोझफ्रिडा' या उत्पादनामुळे ते जगभर परिचित झाले आणि आता अशा धर्तीची अनेक साधने आपल्याकडे मिळतात. एक पारदर्शक नळकांडे बाळाच्या नाकपुडीला बाहेरून टेकवायचे, त्याला जोडलेल्या लवचीक नळीचे दुसरे टोक आपल्या तोंडात धरायचे आणि ओढायचे. मध्ये स्पंजसारखी गाळणी असते, त्यामुळे शेंबूड ओढणाऱ्याच्या तोंडापर्यंत पोहोचत नाही.

याचे दोन गुण आहेत. ओढ किती लावायची हे ओढणाऱ्याच्या हाती राहते आणि फुग्यापेक्षा ती अधिक वेळ टिकवता येते. शिवाय सर्व भाग सुटे होत असल्याने धुणे सोपे जाते. दोष असा की, गाळणी प्रत्येक वापरानंतर बदलावी लागते आणि तिचा खर्च सुरू राहतो. गाळणी शेंबूड अडवते, परंतु तिने विषाणू पूर्णपणे अडतील अशी खात्री धरता येत नाही. घरातील ज्या व्यक्तीला दमा आहे, किंवा जिची प्रतिकारशक्ती कमी आहे, तिने हे साधन वापरू नये. दम लागणाऱ्या वयस्कर आजी-आजोबांनाही ते जड जाते.

बॅटरीवर चालणारे यंत्र

बटण दाबले की एकसारखी ओढ मिळते, एका हाताने काम होते आणि कोणाच्याही श्वासाची गरज लागत नाही. जुळी मुले असलेल्या घरात किंवा दिवसा बाळ वयस्कर व्यक्तीच्या हाती असेल तेथे हे सोयीचे ठरते. परंतु मोटारीच्या आवाजाने काही बाळे दचकतात. स्वस्त यंत्रांची ओढ घट्ट शेंबडापुढे तोकडी पडते आणि मोटारीचा भाग पाण्याने धुता येत नाही.

दाबाचाही विचार करावा. रुग्णालयात नवजात बाळाचे नाक-तोंड साफ करताना ओढीचा दाब साधारणतः ८० ते १०० मिलिमीटर पारा, म्हणजे सुमारे ११ ते १३ किलोपास्कल एवढाच ठेवतात. घरगुती यंत्राच्या खोक्यावर कित्येकदा याहून पुष्कळ मोठा आकडा जाहिरातीसारखा छापलेला असतो. जास्त ओढ म्हणजे चांगले यंत्र, असा समज करून घेऊ नये. ओढीच्या पायऱ्या असलेले यंत्र घ्यावे आणि सर्वांत खालच्या पायरीपासून सुरुवात करावी.

संशोधन काय सांगते?

तान्ह्या मुलांत सर्दीपासून सुरू होऊन सूक्ष्म श्वासनलिकांना सूज आणणारा 'ब्रॉन्किओलायटिस' हा आजार बराच आढळतो. 'आरएसव्ही' हा विषाणू त्याचे प्रमुख कारण. या आजारात नाक साफ करण्याचा किती उपयोग होतो, यावर गेल्या काही वर्षांत अभ्यास झाले आहेत. कॅनडातील चार बालरुग्ण आपत्कालीन विभागांतून घरी सोडलेल्या बाळांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काही पालकांना बॅटरीचे यंत्र दिले गेले, तर काहींना साधा फुगा. बाळांना पुन्हा रुग्णालयात आणावे लागण्याच्या, पिण्याच्या आणि झोपेच्या बाबतीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. महाग यंत्राने आजाराचा मार्ग बदलला नाही.

अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका निरीक्षणात्मक अभ्यासात असे दिसले की, रुग्णालयात दाखल बाळांमध्ये नळी खोल घालून वारंवार ओढण्याचा संबंध अधिक काळ रुग्णालयात राहावे लागण्याशी होता. त्याच वेळी, बाहेरून नाक साफ करण्यात चार तासांहून मोठा खंड पडलेल्या बाळांचा मुक्कामही लांबला होता. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच तारतम्य शिकवतात. सरसकट प्रत्येक बाळाचे नाक ओढत बसू नये, मात्र नाक चोंदल्याने श्वासाला किंवा पिण्याला त्रास होत असेल तर ते साफ करण्याचा विचार करावा. थोडक्यात, साधनाच्या किमतीपेक्षा वेळ आणि हात यांना महत्त्व आहे.

कोणत्या घरासाठी कोणते?

निवड करताना पहिला प्रश्न 'सर्वांत चांगले कोणते' हा नसून 'दिवसा ते कोण वापरणार' हा असावा. आई घरीच असेल आणि तिला स्वतःला सर्दी-दमा नसेल, तर तोंडाने ओढायचे साधन परिणाम आणि स्वच्छता या दोन्ही दृष्टींनी उजवे ठरते. आई लोकलने कामाला जाणारी असेल आणि बाळ आजीजवळ असेल, तर उघडता येणारा फुगा किंवा कमी ओढीचे यंत्र अधिक व्यवहार्य. प्रवासाच्या पिशवीत फुगा पुरतो. ज्या घरात बाळाला वर्षातून एक-दोनदाच सर्दी झाली आहे, तेथे सलाइनचे थेंब आणि मऊ सुती कापड एवढ्यावरही भागते. साधन कोणतेही असो, ते वापरणाऱ्या व्यक्तीला सुट्टीच्या दिवशी शांतपणे शिकवून ठेवावे. रात्री दोन वाजता, रडत्या बाळावर पहिला प्रयोग होऊ नये.

वापरण्याची रीत

हात साबणाने धुवावेत. बाळाला पाठीवर झोपवून डोके किंचित वर राहील असे धरावे. रडत असेल तर दुसऱ्या व्यक्तीने हात अलगद धरावेत, किंवा बाळाला दुपट्यात गुंडाळावे. प्रत्येक नाकपुडीत सलाइनचे एक-दोन थेंब घालून साधारण एक मिनिट थांबावे. मग टोक नाकपुडीच्या तोंडाशी टेकवून दोन-तीन सेकंद हलकेच ओढावे. टोक नाकाच्या मधल्या पडद्यावर दाबू नये. एका नाकपुडीत एक-दोनदा ओढून काही आले नाही तर थांबावे. बाहेर आलेला शेंबूड मऊ कापडाने टिपावा, घासू नये.

योग्य वेळ म्हणजे दूध पाजण्यापूर्वी आणि झोपण्यापूर्वी. पाजल्यानंतर लगेच ओढल्यास बाळ ओकण्याचा संभव असतो. दिवसातून तीन-चार वेळांहून अधिक ओढू नये. वारंवार ओढल्याने नाकातील नाजूक त्वचा सुजते, तिच्यातून रक्त येते आणि नाक अधिकच चोंदते. मग पालक आणखी ओढतात आणि हे चक्र सुरू राहते. रक्ताचा अंश दिसला तर एक-दोन दिवस केवळ थेंबांवर भागवावे. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे लगेच प्रतिजैविक हवे, हाही गैरसमज आहे. साध्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी असा रंग येतो.

वापरानंतर सर्व भाग सुटे करून साबणाच्या कोमट पाण्याने धुवावेत, स्वच्छ पाण्याने खळबळावेत आणि पूर्ण वाळवावेत. उकळावे की नाही हे खोक्यावरील सूचना पाहून ठरवावे. पावसाळ्याच्या दमट हवेत वाळवण्याकडे अधिक लक्ष हवे. फुग्याच्या आत काळे ठिपके दिसले तर तो फेकून द्यावा. एका बाळाचे साधन दुसऱ्याला वापरू नये, सख्ख्या भावंडांतही नाही.

काय टाळावे?

बाळंतिणीच्या खोलीत परंपरेने चालत आलेल्या काही गोष्टी प्रेमापोटी केल्या जातात, परंतु त्या धोक्याच्या आहेत. मालिशनंतर नाकात तेल सोडणे ही त्यांपैकी एक. तेल खोकला न येता थेट फुप्फुसात उतरू शकते आणि त्यातून न्यूमोनिया होतो. ओवा-वावडिंगाची धुरी चोंदलेल्या नाकाला आणखी त्रास देते. कापराची पुरचुंडी किंवा कापूरयुक्त मलम दोन वर्षांखालील मुलांसाठी वर्ज्य आहे, कारण शरीरात शिरलेल्या कापराने आकडी येऊ शकते. उकळत्या पाण्याची वाफ देताना भाजण्याचे अपघात होतात. आजीचे म्हणणे मोडून काढण्याऐवजी तिच्या हाती सलाइनची बाटली द्यावी. तिचा अनुभवी हात तेथेच अधिक उपयोगी पडेल.

सर्वांत गंभीर इशारा औषधांचा. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात 'कोल्ड्रिफ' या दूषित खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालकांचे प्राण घेतले. त्यांतील अनेक मुलांवर नागपूरच्या रुग्णालयांत उपचार सुरू होते. त्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारे विष आढळले. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ३ ऑक्टोबर २०२५ रोजी सूचना काढली की, दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांतही ती सर्वसाधारणपणे टाळावीत. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये औषध महानियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांच्या मिश्रणावर 'चार वर्षांखालील मुलांसाठी नाही' असा इशारा छापण्याचे आदेश दिले होते. भेसळ नसलेल्या सिरपचाही तान्ह्या बाळाच्या सर्दीत सिद्ध झालेला उपयोग नाही. सर्दी आपल्या गतीने, बहुधा सात ते दहा दिवसांत बरी होते. तोपर्यंत नाक मोकळे ठेवणे आणि दूध सुरू ठेवणे, एवढेच आपल्या हाती असते. म्हणूनच या क्षुल्लक वाटणाऱ्या साधनाला महत्त्व आहे. ते नीट वापरले गेले, तर अनावश्यक बाटलीकडे हात जात नाही.

नाक की छाती?

नाक साफ केल्यावर बाळ शांत होऊन पिऊ लागले, तर त्रास नाकाचा होता. नाक मोकळे करूनही श्वास जलद चालू असेल, तर त्रास छातीचा आहे आणि तेथे कोणतेही घरगुती साधन कामाचे नाही. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक श्वास, ही जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेली धोक्याची मर्यादा आहे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, कण्हल्यासारखा आवाज, ओठ निळसर पडणे, श्वास मध्येच थांबणे, नेहमीच्या निम्म्याहून कमी दूध पिणे, सहा-आठ तासांत लघवी न होणे, बाळ मलूल होणे, तसेच तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. नवजात बाळ दूध पिताना निळे पडते आणि रडले की पुन्हा गुलाबी होते, असे दिसल्यास नाकाचा मागचा मार्ग जन्मतः बंद असण्याची शक्यता असते. ते त्वरित दाखवावे.

डोंबिवलीत शास्त्रीनगर आणि कल्याणात रुक्मिणीबाई ही महापालिकेची रुग्णालये आहेत, त्यांखेरीज खासगी बालरुग्णालयेही आहेत. घराजवळच्या कोणत्या रुग्णालयात रात्री बालरोगतज्ज्ञ आणि प्राणवायू उपलब्ध असतो, याची चौकशी बाळ बरे असतानाच, दिवसाउजेडी करून ठेवावी. २०१४ पासून राज्यात सुरू असलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका सेवेचा नंबर घरातील प्रत्येकाला, विशेषतः दिवसा बाळ सांभाळणाऱ्या व्यक्तीला पाठ असावा.

हवा आणि आपण

या परिसरातील पालकांना हवेचाही विचार टाळता येत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या मूल्यांकनात डोंबिवलीच्या औद्योगिक क्षेत्राला ७८.४१ गुण मिळून त्याची गणना देशातील अतिप्रदूषित क्षेत्रांत झाली होती. जानेवारी २०१४ मध्ये येथे पडलेल्या हिरव्या पावसाची चर्चा देशभर झाली. त्यात बांधकामांच्या धुळीची भर पडते. शहराची हवा एका घराला बदलता येणार नाही, परंतु घरातली हवा बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे. घरात सिगारेट, धूप, उदबत्ती आणि डासांची कॉइल बंद ठेवावी. झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. लोकलच्या गर्दीतून आल्यावर हात-तोंड धुऊन, कपडे बदलून मगच बाळाला घ्यावे आणि स्वतःला सर्दी असल्यास मास्क लावावा. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे. न्यूमोकोकल लस २०२१ पासून देशभरातील सरकारी लसीकरणात विनामूल्य मिळते, ती चुकवू नये.

फुगा, नळी की यंत्र, हा प्रश्न अखेर दुय्यम ठरतो. दोन थेंब सलाइन, एक मिनिट धीर, हलका हात, धुतलेले साधन आणि घड्याळ लावून मोजलेले श्वास, या पाच गोष्टी ज्या घरात आहेत तेथे शंभर रुपयांचा फुगाही पुरेसा आहे. त्या नसतील, तर तीन हजारांचे यंत्रही बाळाला आराम देऊ शकणार नाही.